अर्ध्या तासाची ओळ

मी दोन-तीन धरले होते. फरक निघाले अकरा.

पुस्तक घरातल्या आजारी माणसाची काळजी कशी घ्यावी याबद्दलचं. साठ छोटी प्रकरणं, बारा आवृत्त्या. लिहिणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका. त्यांना वॉर्डापासून आमच्या ऑफिसापर्यंत सगळे सिस्टरच म्हणतात. मी या प्रकाशनसंस्थेत बावीस वर्षं मुद्रितं तपासते आहे. माझे बाबा इथेच पानं लावायचे, आधी शिशाच्या खिळ्यांची, मग कॉम्प्युटरवर. या पुस्तकाच्या बाराही आवृत्त्या त्यांच्या हातच्या. तेरावी त्यांच्याशिवाय होत होती. त्यांना जाऊन नऊ आठवडे झाले होते, आणि त्या नऊ आठवड्यांत मी कुठल्याही खुर्चीवर सलग पंधरा मिनिटं बसले नव्हते.

तेरावी आवृत्ती नव्या सॉफ्टवेअरवर होती. एका बाजूने मजकूर घालायचा, हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी अशी प्रत्येक तुकड्यावर खूण करायची, आणि दुसऱ्या बाजूने अख्खं पुस्तक पानं लागून बाहेर. समास, आकडे, अनुक्रमणिका, सगळं जागच्या जागी. चार मिनिटं लागतात. ऑफिसात त्याला 'जावई' म्हणतात, कारण मागेल ते हातात द्यावं लागतं, जरा काही कमी पडलं की रुसून लाल होतो, आणि मग सगळे त्याच्याभोवती हात बांधून उभे. त्याच्यासोबत कंपनीने आम्हाला शिकवायला एक मुलगी पाठवली होती. तिचं नाव आपोआपच 'करवली' पडलं. तिला ते आवडलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी तिने स्वतःच्या कपावर तसं लिहून ठेवलं.

बाबांच्या जुन्या फाइली जावयाला उघडता येईनात. म्हणून कपाटातून सिस्टरनी मुळात दिलेली टाइप केलेली प्रत काढली, ती नव्याने भरून घेतली, आणि काही गळलंय का ते बघायला बाराव्या आवृत्तीशी ताडून पाहिली. डावीकडे सिस्टरची प्रत, उजवीकडे छापील पुस्तक. गळलेलं काहीच नव्हतं. उलट छापील पुस्तकात अकरा ठिकाणी मजकूर जास्त होता.

"कमाल आहे," करवली म्हणाली. "सगळे फरक प्रकरणाच्या शेवटीच कसे?"

मी खाली खाली सरकत होते. तेविसावं प्रकरण, धाप लागण्याबद्दलचं. डावीकडे रिकामी जागा. उजवीकडे लाल रंगात: 'जेवणानंतर धाप लागल्यास रुग्णाला उशांना टेकवून अर्धा तास शांत बसू द्यावे. धावाधाव करू नये.'

मी उठले. पाण्याच्या पिंपापर्यंत गेले, पाणी न घेताच परत आले.

ही ओळ मला पाठ होती. बाबांना मी सात महिने याच पुस्तकावरून सांभाळलं. त्या दिवशी जेवण झालं आणि दोन-चाळीसला त्यांना धाप लागली. मी पुस्तक काढलं, तेविसावं प्रकरण उघडलं, आणि ही ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, म्हणजे त्यांना धीर येईल. त्यांनी हात थोडा वर केला आणि हलवला. मी पाठीशी तीन उशा लावल्या आणि घड्याळासमोर बसले. तीन-दहाला फोन केला. गाडी पंचवीस मिनिटांत आली. तोवर बाबा राहिले नव्हते.

संध्याकाळी दादा पोचला, तेव्हा त्याने विचारलं, "धाप कधी लागली?"

"तीन-दहाला," मी म्हणाले.

त्यानंतर कुणीच विचारलं नाही. मधला अर्धा तास मी कुणालाही दिला नाही. स्वतःपुरता तो सिस्टरच्या खात्यावर टाकून ठेवला. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईने सांगितलं, मी ऐकलं. त्याच्यावर मी नऊ आठवडे तग धरून होते. आणि आता डावीकडे रिकामी जागा होती.

प्रकरणाच्या शेवटीच का, हे करवलीला माहीत नव्हतं. मला होतं. आमच्या संस्थेचा जुना नियम आहे: प्रकरणाच्या शेवटच्या पानावर पाचपेक्षा कमी ओळी नकोत. दोन-तीन ओळी नुसत्या वर लटकत राहिल्या, की पान उघडं पडल्यासारखं दिसतं. खिळ्यांच्या काळात अशा वेळी लेखकाला फोन जायचा. "एक ओळ द्या हो," बाबा म्हणायचे, आणि लेखक, नाटकवाले असोत की भूगोलवाले, निमूटपणे एक ओळ द्यायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबांचं काम म्हणजे लोकांकडे ओळी मागणं.

दुपारी मी घरी गेले. बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात त्यांच्या कामाच्या वह्या आहेत, प्रत्येक पुस्तकाची एक. सिस्टरच्या पुस्तकाची वही सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिच्या मागच्या बाजूने सुरुवात करून एका पानावर लिहिलं होतं, 'सिस्टरना विचारणे', आणि खाली अकरा ओळी, आकडे घालून. पहिल्या ओळीपुढे, 'फोन केला. डिलिव्हरीत आहेत.' दुसरीपुढे, 'फोन केला. रात्रपाळी करून झोपल्या आहेत.' तिसरीपुढे, 'परत डिलिव्हरी. फर्मा थांबलाय.' फर्मा म्हणजे एकदम छापायला जाणारा पानांचा संच; तो अडून होता. चौथीपासून पुढे काही नाही. नुसत्या ओळी, त्यांच्या सुबक, थोड्या डावीकडे कललेल्या अक्षरात. सातवी ती होती.

म्हणजे विचारायचं होतं. विचारायचं राहून गेलं. पुस्तक निघालं, चाललं, आणि पुढची प्रत्येक आवृत्ती मागच्या छापील प्रतीवरून झाली. एकदा आत शिरलेली ओळ कायमची झाली.

सातवी ओळ कुठून आली हेही मला कळलं, आणि ते वहीत लिहिलेलं नव्हतं. मी अकरा वर्षांची असताना आईला जेवल्यावर धाप लागायची. बाबा घाबरून चपला शोधायला लागले की आई म्हणायची, "उगाच गाव गोळा करू नका, बसा इथे." बाबा तिच्या पाठीशी उशा लावून मनगटावरचं घड्याळ बघत बसायचे. अर्ध्या तासाने तिला बरं वाटायचं. दर वेळी वाटायचं. आई त्यानंतर पुढे सहा वर्षं होती आणि गेली ती वेगळ्याच आजाराने. तेव्हा ती ओळ खरी होती. आईपुरती.

मी जमिनीवर बसले होते ती उठले. खण बंद केला, परत उघडला, वही पिशवीत घातली. माझ्या मनात एकच गोष्ट गरगरत होती. ती ओळ बाबांची होती, आणि मी ती बाबांनाच वाचून दाखवली होती. त्यांनी हात हलवला होता. मी तो होकार धरला होता.

ऑफिसात परत आले तर करवली माझ्याच खुर्चीत बसून बिस्किट खात होती.

"मॅडम, एक गंमत दाखवू? आता या जास्तीच्या ओळींची गरजच नाही." तिने तेविसाव्या प्रकरणातली शेवटची ओळ पुसली. शेवटच्या पानावर चार ओळी उरल्या, पान लाल झालं, आणि लाल होतंय न होतंय तोवर निवळलं. जावयाने मागच्या तीन पानांवर ओळींमध्ये केसाएवढी जागा वाढवली होती आणि एक ओळ पुढे ढकलली होती. पाच ओळी. "बघा! काढली तरी कुणाच्या बापाला कळणार नाही."

तिच्या तोंडून ते सहज गेलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, जीभ चावली आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला.

खरंच, कुणाला कळलं नसतं. ओळ गेली असती, बाबांचं नाव निघालं नसतं, मीही सुटले असते. मी त्या कोऱ्या, नीटनेटक्या पानाकडे बघत होते. मग मला आमच्या शेजारच्या इमारतीतल्या रखवालदाराच्या टेबलावरची प्रत आठवली. कोपरे मऊ झालेली, आठवी की नववी आवृत्ती. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती. ती प्रत त्याला मीच दिली होती.

मी पुसलेली ओळ परत आणली, आणि काकांच्या खोलीत गेले.

काका म्हणजे आमचे मालक. बाबांचे मित्र, त्यामुळे मी त्यांना साहेब कधी म्हटलं नाही. ते चष्मा कपाळावर सरकवून चष्माच शोधत होते.

"डोक्यावर आहे, काका."

"माहीत आहे मला." त्यांनी तो खाली ओढला. "बोल. शुक्रवारी पाचला फाईल छापखान्यात जाते आहे ना? जावयाचा काही रुसवाफुगवा?"

मी अकरा ओळींचं सांगितलं. वहीचं सांगितलं नाही.

"त्यात काय एवढं?" काका म्हणाले. "बारा वेळा छापलं, ते खरं. आता जुनी प्रत उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"एक ओळ चुकीची आहे."

"म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ?"

"नाही. ती पाळली तर माणूस दगावेल."

काकांनी मला बसायची खूण केली. मी उभीच राहिले.

"तू डॉक्टर कधीपासून झालीस?" आवाज मऊ होता. "हे बघ बाळ, लेखकाच्या सहीशिवाय मजकुराला हात लावायचा नाही. हा नियम या ऑफिसात कुणी आणला? तुझ्या बाबाने."

ते बोलून गेले आणि खिडकीकडे बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

"त्यानेच ना?" त्यांनी खिडकीकडे बघतच विचारलं.

मी खांद्यावरची पिशवी जवळ ओढली.

"दोन-चार शब्द टाकतो, एवढं मला वाटायचं. कधी विचारलं नाही. पान सुंदर दिसायचं ना." मग ते माझ्याकडे वळले. "त्याच्या नावाला धक्का लागेल असं काही करू नकोस. एवढी ओळ गुपचूप काढ आणि विषय संपव."

"आत्ताच तुम्ही सहीचं म्हणालात."

"मी सकाळपासून शंभर गोष्टी म्हणालोय!"

"मी सही घेऊन येते," मी म्हणाले.

गुरुवारी सिस्टरकडे गेले. त्या वृद्धांच्या निवासात राहतात, दुसऱ्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला. व्हरांड्यात खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीत बसलेलं माणूस मी जाताना मान वळवून बघत होतं. सिस्टरना आता जवळजवळ दिसत नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला, वाटलं विचारपूस करतायत, पण त्यांची बोटं मनगटावर होती.

"नाडी पळतेय तुझी. जिना चढून आलीस की खोटं बोलायला आलीस?"

"जिना चढून, सिस्टर."

"मग बस. ठरेल." मी बसले. पाच मिनिटांनी त्यांनी परत मनगट धरलं आणि हुं केलं.

मी म्हणाले, नव्या आवृत्तीसाठी काही ओळी तपासायच्या आहेत, वाचून दाखवते. ठेवायची की काढायची, एवढं सांगा. कुणाच्या ते सांगितलं नाही. आधी त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं, ही ओळ माझी नाही.

"खिडकी उघडण्याआधी रुग्णाला विचारावे," मी वाचलं.

"माझीच आहे. ठेव."

"चमचा बशीत आपटून ठेवू नये. आजारात आवाज मोठे होतात."

"ठेव, ठेव. लोक भांडी आदळतात नुसती, खोलीत आजारी माणूस आहे की चोर शिरलाय!"

"भेटायला आलेल्यांनी रुग्णाशी आजाराखेरीज दुसरेही काही बोलावे."

"हे तर मी भाषणात सांगायचे. टाळ्या पडायच्या."

"डॉक्टर गेल्यावर दारात कुजबुजू नये. कुजबुज सर्वांत स्पष्ट ऐकू येते."

सिस्टर खुदकन हसल्या. "बघ, किती बरं लिहायचे मी! आता चार ओळींचं पत्र लिहायचं तर डोक्याला ताप होतो."

पाचवी, सहावी. दोन्ही ठेव. मग मी सातवी वाचली. आवाज सरळ ठेवला. जेवणानंतर धाप लागल्यास. अर्धा तास. धावाधाव करू नये.

"माझीच," सिस्टर म्हणाल्या. "पुढे."

मी पुढची वाचली. त्यांनी ठेवली. त्याच्या पुढची वाचली. ती काय होती, मला आठवत नाही. कागदाच्या तळाशी सहीसाठी रेघ मारलेली होती, पिशवीत पेन होतं, आणि त्या सही करणार होत्या. लेखिकेची सही, अकराही ओळींखाली. ओळ त्यांची ठरली असती. माझा अर्धा तास एका जाणत्या बाईच्या पदरात पडला असता. त्यांनी स्वतःच तो मागून घेतला होता. बाबांच्या नावाला धक्का नाही, काका खूश, दादाला काही सांगायला नको.

मी उठून खिडकीपाशी गेले. परत आले. परत गेले.

"अगं, एका जागी बस. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं."

"सिस्टर, सातवी ओळ तुमची नाही."

"मी म्हणतेय ना माझी."

"अकरापैकी एकही तुमची नाही."

मी त्यांची मूळ प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली, तेविसावं प्रकरण उघडून. त्यांनी भिंग काढलं, टाइपच्या अक्षरांवरून एकेक इंच सरकवत शेवटच्या ओळीपर्यंत आल्या, आणि मग ते भिंग खालच्या कोऱ्या कागदावरून तसंच पुढे सरकत राहिलं. मी वही दिली. माझे वडील पानं लावायचे, हे सांगितलं. पाच ओळींचा नियम सांगितला.

"डिलिव्हरीत आहेत," सिस्टरनी वाचलं. "परत डिलिव्हरी." भिंग खाली ठेवलं. "मला न विचारता?"

"विचारायचं होतं त्यांना. मग राहून गेलं."

"राहून गेलं!" त्या कडाडल्या. व्हरांड्यातलं बोलणं थांबलं. "आणि मी तीस वर्षं दुसऱ्याच्या ओळींवर टाळ्या घेत फिरले. छापलेलं इतक्यांदा वाचलं, की मलाच वाटायला लागलं मी लिहिलंय." त्या थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ती सातवी परत वाच."

मी वाचली.

"हे कुणीतरी पाळलंय," सिस्टर म्हणाल्या. त्या मला विचारत नव्हत्या.

"मी."

"कुणासाठी?"

"त्यांच्याचसाठी. बाबांसाठी."

त्या खुर्चीत सरळ झाल्या. पुढचे प्रश्न वॉर्डातले होते. "ओठ?"

"निळसर."

"बोलत होते?"

"नाही. हात हलवला एकदा."

"पाय?"

"आठवडाभर सुजलेले होते."

"मग थांबलीस कशाला?"

"पुस्तकात होतं."

मला एक प्रश्न विचारायचा होता. नऊ आठवडे तो मी कुणालाच विचारला नव्हता, कारण माझ्या ओळखीची माणसं चांगली होती आणि त्यांनी काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत होतं.

"लगेच फोन केला असता तर?"

"गाडी अर्धा तास आधी आली असती," सिस्टर म्हणाल्या. "एवढं नक्की. त्यापुढचं मला माहीत नाही. कुणी सांगितलंच तर त्यालाही माहीत नसेल. बरं वाटावं म्हणून बोलायची मला कधीच सवय नव्हती, आता या वयात लावून घेणार नाही."

मला बरं वाटलं नाही. पण त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकली.

"लिहून घे," त्या म्हणाल्या, आणि नवी ओळ सांगितली: 'जेवणाआधी असो वा नंतर, बसल्या जागी धाप लागल्यास रुग्णाला टेकवून बसवावे आणि त्याच क्षणी मदत बोलवावी. वाट पाहू नये.' मी ती दोनदा वाचून दाखवली. बाकीच्या दहांचं काय, मी विचारलं.

"चांगल्या आहेत, चडफडत का होईना कबूल करते. राहू देत. पण ज्याच्या आहेत त्याच्या म्हणून राहू देत." मग बोट वर करून, "आणि जुन्या प्रती? घराघरांत पडल्यात त्या. त्यांच्यासाठी पत्रक काढा. तुमचे ते मालक त्याला मुद्रणदोष म्हणतील बघ."

"म्हणतील."

"तसं म्हटलं तर माझी सही नाही."

शुक्रवारी चार वाजता मी काकांसमोर सिस्टरच्या सहीचा कागद आणि पत्रकाचा मजकूर ठेवला. काकांनी तो वाचून खाली ठेवला, पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"मुद्रणदोष म्हणूया का?"

"नाही."

"'अनवधानाने समाविष्ट झालेली ओळ'?"

"ती आपोआप चालत आली नव्हती, काका."

त्यांनी परत वाचलं, या वेळी मोठ्याने. "'आधीच्या बारा आवृत्त्यांतील तेविसाव्या प्रकरणाची शेवटची ओळ लेखिकेची नाही. पानात जागा भरण्यासाठी ती पानं लावणाऱ्याने लिहिली होती. ती चुकीची आहे. वाचकांनी ती खोडावी, आणि ती वाचून थांबू नये.'" थोडं थांबून म्हणाले, "पानं लावणारा कोण, असं लोक विचारतील."

"मग सांगू."

"तुला झेपेल?"

मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. काकांनी कागद जवळ ओढला, खाली सही केली, आणि सहीखाली लिहिलं: सर्व दुकानांना, दोन्ही वर्तमानपत्रांना, ग्रंथालयांना. मग आणखी काहीतरी लिहायला गेले आणि पेन ठेवून दिलं. "त्याला मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "रोज समोर बसून चहा घ्यायचा माझ्या."

बाहेर करवलीने नवी ओळ भरून ठेवली होती. बाबांच्या ओळीपेक्षा ती लांब होती. जावयाने काही कुरकुर न करता पुढची पानं सरकवून घेतली होती. दहा ओळींना बारीक फुली, आणि शेवटच्या पानावर, 'फुली केलेल्या ओळी पानं लावणाऱ्याच्या.' खाली बाबांचं नाव. फाईल तयार होती, फक्त पाठवायची. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

पत्रक शनिवारच्या वर्तमानपत्रात येणार होतं. दादा वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, हरवलेल्या माणसांच्या जाहिरातींसकट.

मी फोन लावला.

"बोल गं चिमणे," दादा म्हणाला. मागे रहदारीचा आवाज होता. "काय, रुसला का जावई?"

"दादा, गाडी चालवतोयस?"

"चालवतोय म्हणजे सरकवतोय. तासभर एकाच टेम्पोची मागची पाटी वाचतोय, पाठ झाली. बोल तू."

"बाबांना धाप तीन-दहाला लागली नव्हती."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला, लांब.

"मग?"

"दोन-चाळीसला. पुस्तकात लिहिलं होतं अर्धा तास थांबा. मी थांबले. आणि ती ओळ सिस्टरची नव्हती, बाबांनीच घातली होती, कधीकाळी, पान भरायला. उद्या पेपरात येणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं."

मी टेबलापासून दारापर्यंत गेले, दारापासून टेबलापर्यंत आले. करवलीने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचा कप घेऊन बाहेर गेली.

"तू मला तेव्हा तीन-दहा सांगितलंस," दादा म्हणाला.

"हो."

"मी तोंडावर विचारलं होतं तुला."

"हो."

मागे परत हॉर्न वाजला. मग, "तो अर्धा तास तू त्यांच्याजवळ होतीस?"

"होते."

"काय बोललात?"

मला काहीतरी सांगता आलं असतं. त्याला तेच हवं होतं, हे मला कळत होतं.

"काही नाही," मी म्हणाले. "मी घड्याळ बघत होते."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. गाडीच्या दिव्याची टकटक सुरू झाली, एकसारखी.

"मी गाडी बाजूला घेतोय," दादा म्हणाला. "मला आत्ता तुझ्याशी काही बोलता येणार नाही. चिडलोय मी. पण तू फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

टकटक थांबली. रहदारी दूर गेल्यासारखी वाटली. त्याने काच वर केली असावी. काका दारात येऊन उभे राहिले, त्यांनी मनगटाकडे बोट केलं, माझा चेहरा पाहिला आणि हात खाली घेतला. पाचला पाच मिनिटं होती. मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने फाईल पाठवली.